ज्या नळीची गोळी

राजगडाच्या पद्मावती माचीवर आजही दारूकोठार दाखवतात. गडावर येणारा एखादा फोटो काढतो आणि बालेकिल्ल्याच्या वाटेला लागतो. माझ्या मते तिथे थोडा वेळ थांबलंच पाहिजे. आषाढात गुंजवणीच्या खोऱ्यातून ढग वर चढतात, आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही, चूल पेटता पेटत नाही. अशा डोंगरात सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी भुकटी कोरडी ठेवायची, आणि तीही अशी की रात्री-अपरात्री गनीम तटाला भिडला तर पहिल्याच ठिणगीला पेटली पाहिजे. सोरा जरा अशुद्ध असला की हवेतली ओल शोषून घेतो. ओल धरलेली दारू नुसती फुसफुसते आणि गोळी नळीतच बसून राहते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, या गोष्टीचा किती बारीक विचार केलाय! दारूखाना वस्तीजवळ नसावा. आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन माल बाहेर काढावा, त्याला उन्हं द्यावीत, परत आत ठेवून मोहोर करावी. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावं आणि त्यांचे काने, म्हणजे बत्ती द्यायची भोकं, मेणानं बुजवून टाकावीत. बंदूक किंवा तोफ ही निम्मीच वस्तू असते, उरलेली निम्मी कोठारात असते, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

हे दोन अर्धे एकमेकांना कसे जुळतात, ही मला शस्त्रांच्या इतिहासातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. लढाया, सेनापती, तह यांच्याबद्दल आपण खूप वाचतो. पण नळीचं पोट आणि गोळीचा घेर यांच्यातल्या केसाएवढ्या फरकावर माणसांचे जीव टांगलेले होते, आणि साम्राज्यांनी हा फरक मुद्दाम, ठरवून केला होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

मावळातल्या तोड्याच्या बंदुकीपासून सुरुवात करू. लोखंडाची पट्टी गजाभोवती गुंडाळायची, तापवून ठोकायची, आणि तिची नळी करायची. हे सगळं लोहाराच्या हातचं काम, त्यामुळे दोन नळ्यांचं पोट सहसा सारखं नसायचं. म्हणून बंदुकीबरोबर तिच्या गोळीचा साचाही असायचा. शिसं चुलीवरसुद्धा वितळतं. ते साच्यात ओतलं की त्या बंदुकीची, आणि फक्त त्याच बंदुकीची, गोळी तयार. ती नळीपेक्षा किंचित लहान ठेवावी लागे. घट्ट झाली तर ठासताना अडकणार, आणि चार बार काढल्यावर नळीत काजळी साचली की मुळीच उतरणार नाही. फार सैल झाली तर दारूचा जोर तिच्या कडेनं निसटून जाणार. म्हणून चिंधीत गुंडाळून ती ठासायची. शेजारच्या मावळ्याची गोळी आपल्या बंदुकीला चालेलच याची खात्री नव्हती. गडावरच्या तोफांची तऱ्हाही तीच. काही फिरंग्यांकडून घेतलेल्या, काही लढाईत हाती लागलेल्या, काही इथे ओतलेल्या. जिच्या तिच्या मापाचे गोळे वेगळे.

राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले पुढे भोरच्या पंतसचिवांकडे आले आणि तोफांचे दिवस संपले. तरी ही जुनी मोजणी आपल्या शिवारात अजून टिकून आहे. भोर-वेल्ह्याकडे (वेल्हे तालुक्याला आता राजगडाचंच नाव मिळालंय) भाताच्या खाचरांत रानडुकरं शिरतात, आणि शेतीच्या राखणीसाठी ज्यांना परवाना मिळतो त्यांच्या हाती असते बारा बोअर नाहीतर ठासणीची बंदूक. आता यातला बारा हा आकडा आला कुठून? नळीत बरोबर बसेल अशी शुद्ध शिशाची गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्या मिळून वजन एक पौंड भरलं तर ती नळी बारा बोअरची. गणित करून पाहा, गोळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर येतो. सोळा गोळ्यांचा पौंड झाला तर सोळा बोअर, म्हणजे नळी अरुंद. आकडा वाढला की तोंड लहान होतं. आज बारा बोअरच्या काडतुसात छर्रे असतात, पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिक आलंय, तरी मोजमाप त्या शिशाच्या बारा गोळ्यांचंच चालू आहे.

हातानं घडवलेल्या एकेक बंदुकीकडून एकसारख्या हजारो रायफलींकडे जग गेलं ते एकोणिसाव्या शतकात. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची नळी ०.५७७ इंचाची होती आणि तिला आतून पिळाच्या खाचा, म्हणजे आटे होते. गोळी लांबट, तळाला पोकळ. बार उडाला की तळ फुगतो आणि आट्यांना धरतो. मग गोळी गरगर फिरत निघते आणि सरळ जाते. सुरुवातीला ही गोळी ०.५६८ इंचाची होती. काजळी धरलेल्या नळीत ती उतरेना, तेव्हा ती ०.५५० इंचांवर आणली. याच रायफलीच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ साली काय घडलं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. त्यानंतर इंग्रजांनी काय केलं, हे मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. हिंदी शिपायांसाठी त्यांनी नव्या बंदुका काढल्या. दिसायला त्या थेट एन्फिल्डसारख्या. दस्ता तोच, घोडा तोच, संगीन तशीच. नळी मात्र आतून रुंद करून गुळगुळीत केलेली, सुमारे ०.६५६ इंचाची, एकही आटा नाही. गोऱ्या पलटणीची गोळी तीत घातली तर ती आत खुळखुळणार. शंभर पावलांच्या पलीकडे नेम लागायचा तो नशिबानं. शिपाई आपलेच, पण त्यांच्यावरचा अविश्वास नळीच्या आत कोरून ठेवला होता.

१८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. याच खडकीला ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचं घोडदळ इंग्रजांवर चालून गेलं होतं. त्या रणभूमीच्या परिसरात बावन्न वर्षांनी इंग्रज काडतुसं करू लागले.

त्या कारखान्यातलं एक जुनं काडतूस डोळ्यांसमोर आणा. थ्री-नॉट-थ्रीचं. बुडाची चकती उजेडाकडे धरली की पितळात ठोकलेली ‘के’ आणि ‘एफ’ ही रोमन अक्षरं दिसतात, म्हणजे किर्की (खडकी) फॅक्टरी. शेजारी सालाचे आकडे आणि सात हा अंक. हा सात म्हणजे मार्क सात, १९१० साली आलेला नमुना. त्यापुढे ‘झेड’ असेल तर आत नायट्रोसेल्युलोजची दारू आहे, नसेल तर कॉर्डाईट. मधल्या टोपीभोवती, म्हणजे दारूला ठिणगी देणाऱ्या वाटीभोवती, जांभळ्या रंगाचं कडं असेल तर साधी गोळी, लाल असेल तर मागे उजेडाची रेघ सोडत जाणारी, हिरवं असेल तर चिलखत भेदणारी. एवढ्याशा पितळी चकतीवर काडतुसाची सगळी जन्मपत्रिका लिहिलेली असते.

आता पुंगळी बघा. लांबी छप्पन मिलिमीटर, बुडाला बाहेर आलेली कड, वर गळ्याशी निमुळती. त्यात कॉर्डाईट असेल तर ते शेवयांसारखं असतं, पुंगळीच्या लांबीचे पिवळट-तपकिरी तंतू, एकत्र जुडी करून उभे भरलेले. हे तंतू नीलगिरीतल्या अरुवनकाडूच्या कारखान्यातही होत असत. आणि ही जुडी एवढ्या अरुंद गळ्यातून आत घातली कशी? घातलीच नाही. आधी सरळ पुंगळीत कॉर्डाईट भरलं, त्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवली, आणि मग पुंगळीचा गळा आवळला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो. भरलेल्या दारूवर यंत्रानं पितळ दाबायचं, तेही रोज हजारोंनी!

गोळीही दिसते तशी नाही. वरून तांब्याच्या मिश्रधातूचं कवच, आत शिसं, पण टोकाला शिसं नसून अॅल्युमिनियम किंवा दाबलेला लाकडाचा लगदा. त्यामुळे नाक हलकं आणि बूड जड. वजन १७४ ग्रेन, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. वेग सेकंदाला २,४४० फूट. नळीतले आटे दर दहा इंचांत एक पूर्ण वेढा घेतात, तोही डावीकडे. हिशेब केला तर गोळी नळीतून सुटते तेव्हा सेकंदाला सुमारे २,९०० फेऱ्या घेत असते.

आणि तिचा व्यास? ०.३०३ इंच नाहीच. ०.३०३ हे नळीचं माप आहे, तेही दोन आट्यांमधल्या उंचवट्यांवरून घेतलेलं. गोळी जवळजवळ ०.३११ इंचाची असते. त्या आठ हजारांश इंचांच्या जादा अंगावरच आटे रुततात, गोळीला पीळ देतात आणि मागचा वायू अडवून धरतात. मावळ्याची गोळी नळीपेक्षा लहान असायची, ही नळीपेक्षा मोठी आहे. फार लहान असली तर पीळ बसणार नाही, फार मोठी असली तर दाब भलताच वाढेल.

दाबाचे आकडे तर अंगावर काटा आणणारे आहेत. त्या वेळच्या ब्रिटिश मोजणीप्रमाणे थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीत चौरस इंचाला अठरा-एकोणीस टन दाब येतो. हा दाब सैनिकाच्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो. तो थोपवतं कोण? पोलादी बोल्ट मागून टेकू देतो हे खरं, पण वायू मागे येऊ न देण्याचं काम पातळ पितळ करतं. बार उडताक्षणी पुंगळी फुगते, नळीच्या मागच्या खोलीच्या, म्हणजे चेंबरच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि फट बंद करते. दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून तर बोल्ट ओढताच रिकामी पुंगळी सुटून बाहेर पडते. मात्र तिला मागे सरकायला जागा मिळता कामा नये. थ्री-नॉट-थ्रीची बुडाची कड दीड मिलिमीटरहून थोडी जाड असते आणि बोल्टच्या तोंडाशी तिला मिळणारी मोकळीक जेमतेम पाव मिलिमीटर. त्याहून जास्त झाली तर पुंगळी ताणली जाते आणि बुडाजवळ फाटू शकते. म्हणून बोल्टवर रायफलीचाच नंबर ठोकलेला असे. शस्त्रागारात, ज्याला फौजेत कोत म्हणतात, साफसफाई करताना दोन रायफलींचे बोल्ट आपसात बदलले गेले तर आर्मोरर रागवायचा, त्याचं कारण हे.

ही जुळणीसुद्धा एकदाच करून संपत नाही. थ्री-नॉट-थ्री १८८८ साली आली तेव्हा तिच्या काडतुसात दाबून घट्ट केलेली काळी दारूच होती आणि नळीत मेटफर्ड नावाच्या तंत्रज्ञाचे उथळ, गोलसर आटे. काळ्या दारूची काजळी अशा आट्यांत कमी अडकायची. थोड्याच वर्षांत कॉर्डाईट आलं. ते इतकं गरम जळायचं की ते नाजूक आटे झिजून सपाट होऊ लागले. काडतूस नळीत चपखल बसत होतं, गोळीही त्याच मापाची होती, आणि तरी ते एकमेकांचे राहिले नव्हते. शेवटी १८९५ साली खोल, चौकोनी कडांचे पाच आटे कोरलेली नळी आली आणि ली-मेटफर्ड या थ्री-नॉट-थ्री रायफलीची ली-एन्फिल्ड झाली. पुढे १९१० साली जड, बोथट गोळीच्या जागी हलकी, टोकदार गोळी आली. तेव्हा नळी तीच राहिली, पण गोळीचा हवेतला मार्ग बदलला, आणि जुन्या रायफलींच्या साईट नव्या खुणांच्या कराव्या लागल्या. न बदललेल्या साईटची रायफल नवं काडतूस बिनतक्रार उडवायची, फक्त नेम धरलेल्या जागी गोळी जायची नाही.

आता असं समजा, जुन्या शस्त्रागाराच्या रॅकमध्ये चार रायफली शेजारी-शेजारी उभ्या आहेत. चारही ली-एन्फिल्ड, चारही बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातून आलेल्या. तेच अक्रोडी लाकूड, तेच आखूड चपटं नाक. लांबून पाहणाऱ्याला चार जुळ्या बहिणीच वाटाव्यात. त्यांतली एक खरी थ्री-नॉट-थ्री. दुसरी सरावाची पॉइंट टू-टू. तिची गोळी करंगळीच्या नखाएवढी, आणि तशीच रायफल एनसीसीच्या हजारो मुलामुलींनी खांद्याला लावलीय. तिसरी ईशापूरनं १९६२ च्या चीन युद्धानंतर काढलेली, ७.६२ मिलिमीटरची टू-ए किंवा टू-ए-वन. सैन्याला एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफली, पुरेशा मिळेपर्यंत तोच दारूगोळा वापरणारी जोडरायफल हवी होती. म्हणून जुन्याच साच्यात जास्त मजबूत पोलाद घालून नव्या, जास्त दाबाच्या काडतुसासाठी ती घडवली. तिचं मॅगझिन चौकोनी पेटीसारखं असतं, आणि ७.६२ हा आकडा तिच्या अंगावर ठोकलेला असतो.

चौथी सगळ्यात बोलकी. तिची नळी आतून घासून रुंद, गुळगुळीत केलेली, ०.४१० इंचाची. मॅगझिनची जागा बुजवलेली, म्हणजे एका वेळी एकच राऊंड. ब्रिटिश अमदानीत पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी ही मस्केट केली होती. हेतू उघड होता. पहारेकऱ्याची बंदूक कुणी हिसकावली तरी फौजेच्या काडतुसांनी तिचा लढाईला उपयोग होऊ नये, कारण इतक्या रुंद नळीत त्या गोळीला धरायला काहीच नाही. १८५७ नंतरची युक्ती पुन्हा एकदा, तशीच.

हा अविश्वास नुसता पोलिसांपुरता नव्हता. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसाच्या हातून हत्यार गेलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. फौजेच्या मापाच्या, म्हणजे थ्री-नॉट-थ्री आणि पॉइंट फोर-फाइव्ह-झीरोच्या रायफली हिंदुस्थानात खाजगी माणसाला आणायला बंदी. दुसरी बंदी का? तर तिची काडतुसं सैन्यातल्या जुन्या मार्टिनी-हेन्रीच्या कामी येतील ही भीती. इंग्लंडातल्या बंदूककारांचं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थानातले शिकारी. त्यांनी लगोलग ०.४७०, ०.४६५, ०.४७५ अशी नवी मापं काढली. आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीसाठी पुढे जगभर गाजलेली ही मापं आपल्या देशातल्या एका सरकारी धास्तीतून जन्मली आहेत! आणि आजही आपल्या आयुध कारखान्याची परवान्यावर मिळणारी रायफल ०.३१५ ची असते, ज्याचं मूळ काडतूस ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं. फौजेचं नसलेलं माप शोधत सरकार ऑस्ट्रियापर्यंत गेलं. स्वातंत्र्यानंतरही थ्री-नॉट-थ्री प्रतिबंधित बोअरमध्येच राहिली.

नुसत्या आकड्यावर विसंबणाऱ्याला जुन्या रायफली फसवतात. ७.६२ म्हटलं की काम झालं असं वाटतं. पण एसएलआरच्या ७.६२ ची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, एके-४७ च्या ७.६२ ची ३९, आणि रशियाच्या जुन्या मोसिन रायफलीच्या ७.६२ ची ५४, तीही कडेची. एकीचं काडतूस दुसरीचं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकावर आपल्या पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती आणि समोर एके-४७. त्या दोन पुंगळ्या टेबलावर शेजारी ठेवल्या तर दोघींच्या जन्मात अर्ध्या शतकाहून अधिक अंतर आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला.

उलटही घडतं. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या टेकडीवर मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांशी लढली. जपानी पायदळाच्या ७.७ मिलिमीटर काडतुसाचं माप मराठ्यांच्या थ्री-नॉट-थ्रीएवढंच, तरी ते यांच्या रायफलीचं नव्हे, कारण त्याला कड नव्हती आणि पुंगळी लांब होती. पण जपानी नौदलाच्या लुईस मशीनगनचं काडतूस मात्र हुबेहूब थ्री-नॉट-थ्री होतं. त्यांनी ती ब्रिटिश मशीनगन काडतुसासकट उचलली होती. एकाच शत्रूच्या दोन दलांत ही तऱ्हा.

जे काडतूस नळीत शिरतच नाही त्यापासून धोका कमी. थ्री-नॉट-थ्रीच्या रायफलीत एसएलआरचा राऊंड बसत नाही, बुडाशी तो जाड पडतो आणि धातूच तुम्हाला अडवतो. भीती असते ती सहज आत शिरणाऱ्या परक्या काडतुसाची. जर्मनीचं उदाहरण जगभरच्या जाणकारांच्या तोंडी असतं. १८८८ च्या जर्मन रायफलीला ०.३१८ इंचाची गोळी लागायची. १९०५ साली गोळी ०.३२३ इंचाची केली, पुंगळी जवळपास तीच ठेवली. नावही दोघींचं आठ मिलिमीटरच. नवं काडतूस जुन्या रायफलीत बिनबोभाट बसतं, आणि चाप ओढल्यावर पाच हजारांश इंचांनी जाड गोळी अरुंद नळीत दाबली जाते. म्हणून जर्मनांनी नव्या मापाच्या नळ्यांवर ‘एस’ हे अक्षर ठोकलं. ते अक्षर वाचल्याशिवाय आजही कुणी जाणता माणूस अशा रायफलीला काडतूस दाखवत नाही.

माप जुळलं, साल जुळलं, अक्षर जुळलं, तरी एक गोष्ट उरते, आणि ती आपल्याला पुन्हा मावळच्या पावसात आणून सोडते. हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात हालचाली मंदावल्या की काडतुसांच्या पेट्या घोड्यांच्या पागेत रचून ठेवत. दसऱ्याच्या सुमारास उघडाव्यात तर चांगल्या पितळी पुंगळ्यांना चिरा गेलेल्या, त्याही बहुतेक गळ्याशी, जिथे पितळ गोळीवर आवळलेलं असतं. पडलं नाही, आपटलं नाही, गंजसुद्धा म्हणावा तसा नाही. या रोगाला मोसमी तडे म्हणू लागले. उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं की दोष घोड्यांच्या मुताचा आहे. त्यातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळावर बसतो. पुंगळी ओढून-दाबून घडवताना पितळात आतल्या आत ताण राहिलेला असतो. अमोनिया बरोबर त्या ताणलेल्या जागी, पितळाच्या कणांच्या सांध्यांत शिरतो आणि धातू उकलतो. उपाय साधा निघाला. घडवल्यानंतर पुंगळीला बेतानं उष्णता द्यायची म्हणजे आतला ताण निवतो. आजच्या लष्करी काडतुसाच्या गळ्याजवळ जो निळसर-जांभळा पट्टा दिसतो, तो या उष्णतेचा डाग आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध कारखान्यात किंवा खडकीत होणाऱ्या काडतुसांच्या मागेही हे ज्ञान आहे.

पावसाचा दुसरा मार जुन्या टोपीतून येतो. त्या काळच्या टोपीच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो आणि मिठासारखा ओल खेचतो. तेलाचा बोळा फिरवून तो जात नाही, तो पाण्यातच विरघळतो. म्हणून गोळीबारानंतर सैनिक नळीतून उकळतं पाणी ओतायचे आणि मग तेल लावायचे. वेल्ह्याच्या हवेत हे राहून गेलं तर सकाळपर्यंत आटे तांबूस झालेच म्हणून समजा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, कारण भोर-वेल्ह्याकडच्या घरांमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत आणि पोलिसांत गेली आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या वाड्याच्या भिंतीच्या कोनाड्यात एखादं हिरवट पडलेलं काडतूस सापडू शकतं. ते घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवावंसं वाटेल, तसं करू नका. ऐंशी पावसाळे खाल्लेल्या पुंगळीचा गळा आतून चिरलेला असू शकतो, आणि जुन्या कॉर्डाईटमध्ये नायट्रोग्लिसरीन असतं, ते उष्णतेनं आणि वयानं अस्थिर होत जातं. बुडावरचं साल वाचायचं असेल तर दुरूनच वाचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं बंदुकीइतकंच जिवंत काडतुसालाही परवाना लागतो, तेव्हा हात न लावता भोरच्या किंवा वेल्ह्याच्या पोलीस ठाण्याला फोन करा, पुढचं काम त्यांच्याकडची माणसं करतात.